इस्त्रीखालचे तांबे

मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उजव्या हाताला प्रभात लॉन्ड्री आहे. दुकान दहा बाय बाराचे, दाराला निळा रंग, आणि आत शिरताच कोळशाचा व गरम सुती कापडाचा एकत्र वास. सकाळी साडेसातला फळ्या निघतात, एक ते तीन दुकान बंद असते, रात्री आठला पुन्हा फळ्या लागतात. एकतीस वर्षांत या वेळापत्रकात दहा मिनिटांचाही फरक पडलेला नाही. दुकानाचे मालक काशीराम रसाळ हे एकोणसाठ वर्षांचे, अंगाने काटक गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्याला कोणी कधी सुरकुती पाहिलेली नाही.

कपड्यांच्या मांडणीत मात्र एक गोष्ट नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकते. डाव्या कप्प्यात साड्या, मधल्या कप्प्यात शाळेचे गणवेश, आणि उजव्या हाताच्या छोट्या कप्प्यात, मऊ फडक्यावर ओळीने ठेवलेल्या, तांब्याचा मुलामा असलेल्या पातळ पाट्या.

"काका, हे काय? ही पण इस्त्रीला येतात?" असे कोणी विचारले की काशीराम गंभीरपणे म्हणतात, "येतात तर. फक्त यांची घडी घालता येत नाही."

या पाट्या दुकानात कशा आल्या, त्याची गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या आषाढात सुरू होते.

दोन दुकाने सोडून अयूब सोलकर यांचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान आहे. अयूबभाई अकरा वर्षे मस्कतला जहाजांवरचे वायरलेस दुरुस्त करत होते. परत आल्यावर त्यांनी इथेच बस्तान बसवले. बंदरातल्या होड्यांचे काम त्यांच्याकडे जास्त. खाऱ्या हवेत कुठलेही यंत्र फार दिवस धड राहत नाही. यंत्राच्या पोटात जी हिरवी पाटी असते, जिच्यावर सगळे बारीक भाग उभे असतात, तिला दुरुस्तीवाले कार्ड म्हणतात. त्या कार्डावर भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा असतात. खारी हवा आधी त्या रेघांना हिरवट करते आणि मग खाऊन टाकते. कंपनीचे नवे कार्ड मिळाले तर ठीक; पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्राचे कार्ड कंपनीकडेही नसते. मग अयूबभाई ते घरीच बनवायचे.

पद्धत सांगायला सोपी आहे. रेघांचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा. त्या प्रिंटरची शाई म्हणजे खरे तर प्लॅस्टिकची काळी भुकटी. उष्णतेने ती वितळते. कागद तांब्याच्या पाटीवर पालथा ठेवून वरून कडक इस्त्री दाबली की काळ्या रेघा कागद सोडून तांब्याला चिकटतात. मग पाण्यात भिजवून कागद काढायचा आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात सोडायची. ते पाणी उघडे तांबे खाते, काळ्याखालचे तांबे शाबूत राहते. शेवटी काळे पुसले की खाली लखलखीत रेघा.

सांगायला सोपी. करायला अयूबभाईंच्या घरी इस्त्री होती ती त्यांच्या बायकोची, सईदाभाभींची, आणि तिथेच सगळे अडले.

त्या दिवशी अयूबभाई लॉन्ड्रीच्या दारात उभे राहिले ते खाली मान घालून.

"काशीरामा, एक इस्त्री मारून दे."

"शर्ट कुठे आहे?"

"शर्ट नाही. हे आहे."

काशीरामांनी हातातली तांब्याची पाटी उलटसुलट करून पाहिली. "अयूबभाई, घरी भांडण झालंय का?"

"झालंय कसलं, चालू आहे. तिच्या इस्त्रीला ते काळं चिकटलं आणि इस्त्रीचं काळं तिच्या ईदच्या दुपट्ट्याला लागलं. म्हणाली, पुढचं कार्ड तुमच्या टकलावर शेका."

काशीराम पोट धरून हसले. मग त्यांनी फसलेली कार्डे मागवली आणि चष्मा लावून एकेक पाहिले. रेघा मध्येच तुटलेल्या होत्या, पण तुटलेल्या जागा ठरावीक अंतरावर, गोल गोल.

"भाभींची इस्त्री वाफेची आहे ना? खाली भोकं असतात. जिथे भोक तिथे दाब नाही. आणि तुमचा कागद ओला आहे."

"ओला? अरे, कपाटातून काढून आणलाय, ठणठणीत कोरडा!"

"आषाढात रत्नागिरीत कोरडं काय असतं? माझ्या इस्त्रीखालचं तेवढं." काशीरामांनी कागदावर क्षणभर इस्त्री टेकवून उचलली. कागदातून वाफेचा बारीकसा धूर निघाला. अयूबभाई बघतच राहिले.

काशीरामांची मुख्य इस्त्री पितळेची आहे, वडिलांच्या वेळची, सात किलो वजनाची, करवंटीच्या कोळशावर चालणारी. विजेची आहे, पण ती घाईच्या गिऱ्हाइकासाठी. पितळी इस्त्रीची गरमी ते पाण्याच्या थेंबाच्या आवाजावरून ओळखतात. थेंब नुसता पसरला तर नायलॉन, चर्र झाला तर सुती, उडून पळाला तर जाडे लिनन. कार्डाला सुतीपेक्षा जरा वरची गरमी लागते हे त्यांनी तीन तुकड्यांत शोधून काढले. दुसरा शोध अधिक मोलाचा होता.

"तुम्ही रेटता, अयूबभाई. रेटायचं नाही, दाबायचं. धोतर रेटतात. जरीचा पदर दाबतात. हे जरीचं काम आहे."

त्या दिवसापासून कार्डावर रेघा चढवायचे काम लॉन्ड्रीत येऊ लागले. कागदाचाही शोध लागला. आंब्याच्या एका व्यापाऱ्याने छापून घेतलेली जाहिरातीची पत्रके हंगाम संपल्यावर गठ्ठ्याने पडून होती. एका बाजूला पिवळाधमक हापूस, दुसरी बाजू कोरी आणि काचेसारखी गुळगुळीत. कागद भिजवून अंगठ्याने चोळला की सगळ्यात शेवटी निघायचा तो आंब्याचा देठ. फेरिकच्या पाण्याचे डाग अयूबभाईंच्या बोटांवर वर्षानुवर्षे होते. काशीरामांनी गंजाच्या डागाचा लॉन्ड्रीतला उपाय, लिंबू आणि मीठ, त्यांच्या बोटांवर चालवला. सईदाभाभींनी त्या आठवड्यात लॉन्ड्रीत खास फणसाची सांदणं पाठवली.

काशीरामांना या कामाचे अप्रूप होते, त्याला एक कारण होते. लॉन्ड्रीचे काम पूर्वीसारखे राहिले नव्हते. घरोघरी मशिनी आल्या, न चुरगळणारे कापड आले. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी सानवी दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे. कोण देतं हल्ली इस्त्रीला?" यावर काशीराम पुण्याचा पाऊस विचारून विषय बदलत. पण कार्ड चढवायला घेतले की त्यांना मनात वाटे, ये, हे बघ, हे माझ्याशिवाय होत नाही.

एकच हौस राहिली होती. अयूबभाई छापलेला कागद आधीच पाटीवर पालथा चिकटवून आणत. काशीराम तो दाबून देत. पुढचे सगळे, म्हणजे भिजवणे, फेरिकच्या पाण्यात सोडणे आणि भोके पाडणे, अयूबभाईंच्या दुकानात होई. काशीराम तिथे बसून बघत, पण हात लावत नसत.

"एक कार्ड मी करू का? पहिल्यापासून शेवटपर्यंत?" ते अधूनमधून विचारत.

"करशील रे. कार्ड काय पळून जातंय?" अयूबभाई म्हणत.

तशी वेळ गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस आली.

पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारी-बंदी एकतीस जुलैला संपते आणि एक ऑगस्टच्या पहाटे होड्या बाहेर पडतात. बंदराच्या वर्षाची सुरुवातच ती. सुजय पिलणकरची 'गंगासागर' पाण्यात उतरवली, इंजिन चालू झाले, सगळे ठीक होते. फक्त तळातल्या पाण्याचा भोंगा वाजेना. होडीच्या तळात पाणी ठरावीक उंचीच्या वर चढले की हा भोंगा बोंब मारतो. पेटी उघडली तर कार्डावरच्या रेघांच्या जागी हिरवी पूड.

दुसऱ्या कोणा मालकाने भोंग्यावाचून होडी काढली असती. पण 'गंगासागर'चा कारभार सुजयच्या हातात असला तरी हुकूम त्याच्या आईचा, गंगुबाईंचा. मागच्या हंगामात जयगडसमोर शाफ्टच्या जागेतून होडीत पाणी शिरले. भर दुपार, जेवून सगळे आडवे झालेले. भोंगा वाजला म्हणून सात माणसे उठली, पंप लावला, होडी आणि माणसे घरी आली. त्यानंतर गंगुबाईंनी भोंग्याला हार घातला होता. आता त्यांनी सांगून टाकले, "जेट्टीवर उभी राहून माज्या कानांनी ऐकन, मग होडी सुटंल. नायतर नाय."

सुजयची पंचाईत दुहेरी होती. पहिल्या फेरीला होडी सुटली नाही तर त्याचे सहा खलाशी दुसऱ्या होडीवर जाणार. त्या दिवशी बंदरात प्रत्येकाला माणसे हवी असतात, थांबून कोण राहतो?

अयूबभाईंनी दोन दिवस बसून जुन्या कार्डावरून नकाशा संगणकावर उतरवला. मोठ्या मापाची तांब्याची पाटी त्यांच्याकडे एकच उरली होती. नवा माल मुंबईहून सोमवारी येणार होता. तीस तारखेला संध्याकाळी गंगुबाई स्वतः लॉन्ड्रीच्या पायरीवर येऊन बसल्या. बहात्तर वर्षांच्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

"काशीराम, अयूब म्हणतो उद्या व्हईल. तो तोंडभर बोलतो. तू सांग. तू माजा लुगडा शनिवारी देतो म्हणलास तर शुक्रवारी देतस."

"काकी, परवा सकाळी सहाला भोंगा तुमच्या कानात. माझा शब्द."

शब्द देऊन टाकला तेव्हा काशीरामांना ठाऊक नव्हते, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अयूबभाईंचा फोन येईल.

"काशीरामा, मी अडकलोय. आठ होड्यांचे वायरलेस बोंबलताहेत. कार्ड आज तूच कर. नकाशा फिजाकडे पाठवलाय, तिच्याकडून छापून घे. चढव, फेरिकमध्ये सोड, भोकं पाड. दुकानाची किल्ली तुझ्याकडे आहेच. चारला येतो आणि भाग बसवतो." मग जरा थांबून, "आणि हो, कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय. तुझ्यासाठी."

फिजा म्हणजे अयूबभाईंची भाची. नाक्यावर तिचे झेरॉक्सचे दुकान आहे. काशीराम हापूसचे पत्रक खिशात घालून छत्री सावरत निघाले. त्यांनी पंधरा पावलांचा रस्ता दहा पावलांत कापला असे त्या दिवशी ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात.

छापलेला कागद हातात आला. काशीरामांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि कोपरा शोधला. तिथे, रेघांच्या जंगलात, उडदाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, त्यांचे नाव होते. काशीराम. तांब्यात उमटणार होते ते. क्षणभर त्यांना समोरचे काही दिसेना. मग दिसले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोरी, हे नाव उलटं आलंय."

फिजाने वाकून पाहिले. "हो की. पण मामूंनी असंच पाठवलंय, काका."

"तुझ्या मामूचं डोकं आठ वायरलेसमध्ये आहे. घाईत झालं असेल. 'का'चा काना बघ, 'क'च्या आधी आलाय! कोणाला वाचता येईल का हे?"

"विचारू का त्यांना?" तिने फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. अयूबभाई तेव्हा कोणाच्या तरी केबिनमध्ये छतातल्या वायरीत डोके घालून होते.

"काढ गो सरळ करून. एकच तर कळ दाबायची असेल."

"कळ एकच आहे, पण..."

"मग दाब."

फिजाने दाबली. दुसऱ्या पत्रकावर नाव सरळ, स्वच्छ, वाचता येण्याजोगे आले. काशीरामांनी कागद फडक्यात गुंडाळला आणि माणूस नव्या नोटा घरी नेतो तसा छातीशी धरून नेला.

पुढचे काम त्यांनी देवपूजेसारखे केले. तांबे आधी घासणीने घासले, कॉलरवरचा मळ काढतात तसे, एकाच दिशेने. कागद दोनदा इस्त्रीच्या उबेत सुकवला. तो पाटीवर पालथा ठेवला, वर पातळ मलमलीचा तुकडा, आणि मग पितळी इस्त्री. थेंब चर्र होऊन लगेच उडाला. दाबले, उचलले, पुढे सरकले, दाबले. पाण्यात भिजवून कागद सुटला तेव्हा एकही रेघ तुटलेली नव्हती. फेरिकचे पाणी पावसाळी गारव्याने मंद झाले होते. त्यांनी त्याचे भांडे कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवले, रेशमी साड्यांचे पाणी ते असेच राखतात. वीस मिनिटांत उघडे तांबे नाहीसे झाले. मग अयूबभाईंच्या छोट्या ड्रिलने बासष्ट भोके. भोके मोजूनच त्यांनी ड्रिल खाली ठेवले. नाव त्यांनी मुद्दाम पाहिले नाही. शेवटी पाहायचे, सगळ्यांबरोबर, असे ठरवले होते.

चार वाजता अयूबभाई सुजयला घेऊन आले. काशीरामांनी मऊ फडके बाजूला केले. कार्ड नव्या तांब्याच्या गडूसारखे चमकत होते.

"वा!" सुजय म्हणाला. "काका, हे तर कंपनीपेक्षा भारी झालंय!"

अयूबभाई पुढे झाले. त्यांनी कार्ड उजेडाकडे धरले. खिशातून एक चौदा पायांचा आयसी काढला. हा काळा, चपटा भाग. दोन्ही बाजूंना पाय असल्याने काशीराम त्याला गोम म्हणत. गोम कार्डावर धरून त्यांनी पाहिली, वळवून पुन्हा धरली, आणि खाली ठेवली.

"काशीरामा, तुझं नाव वाच."

काशीरामांनी वाचायला डोळे नेले आणि नाव वाचता येईना. तांब्यावर ते उलटे होते.

"पण मी तर सरळ करून घेतलं होतं! फिजाकडून! कागदावर सरळ होतं!"

"म्हणूनच." अयूबभाईंनी गल्ल्यावरचा प्रभात लॉन्ड्रीचा रबरी शिक्का उचलून त्यांच्यापुढे धरला. "यावर अक्षरं कशी आहेत?"

काशीरामांनी शिक्क्याकडे पाहिले. तीस वर्षे रोज ते तो पावतीवर मारत होते. शिक्क्यावर अक्षरे उलटी होती, म्हणून कागदावर सरळ उमटत. पालथा घातलेला कागद म्हणजे शिक्काच. अयूबभाईंनी नाव उलटे पाठवले होते ते घाईत नव्हे, समजून.

"म्हणजे झालंय तरी काय?" सुजयने विचारले.

"उजव्या पायाची चप्पल डाव्या पायाची झालीय," अयूबभाई म्हणाले. "गोमीचा पहिला पाय जिथे हवा तिथे चौदावा येतो. सगळं कार्ड आरशातलं. आणि तांबं सोमवारपर्यंत नाही."

सुजय पायरीवर बसला. "बर्फ भरलाय. डिझेल भरलंय. खलाशी मघाशीच विचारत होते, शेठ, नक्की ना? आता आईला काय सांगू?"

"तू नको सांगू. शब्द मी दिलाय," काशीराम म्हणाले. "नावासाठी केलं मी हे. मेलं एक नाव, उडदाएवढं."

"अरे, मीही सांगायला हवं होतं," अयूबभाई म्हणाले. "तीन वर्षं कागद पालथा चिकटवूनच आणला मी. तुला त्याचं तोंड कधी दाखवलं?"

काशीरामांना हात रिकामे ठेवता येत नाहीत. संकटात तर नाहीच नाही. त्यांनी मधल्या कप्प्यातून एक गणवेशाचा शर्ट ओढला, उलटा केला. खिशाची शिवण चेपायला तो आधी उलट्या बाजूने इस्त्री करावा लागतो. उजव्या छातीवर खिसा. त्यांनी बाही आतून धरली, शर्ट सुलटा केला, आणि खिसा डाव्या छातीवर आला. ते थांबले. शर्ट पुन्हा उलटा केला. खिसा उजवीकडे. पुन्हा सुलटा.

"काका, तो शर्ट काय करतोय तुम्हाला?" सुजय म्हणाला.

"अयूबभाई, गोमी तुम्ही कुठल्या बाजूने बसवता?"

"कोऱ्या बाजूने. पाय आरपार जातात आणि तांब्याच्या बाजूला कथलाचा डाग देतो. दहा वेळा बघितलंयस की."

"मग हा शर्ट उलटा आहे असं समजा. गोमी तांब्याच्याच बाजूने घाला."

अयूबभाईंनी कार्ड घेतले, तांबे वर केले, आणि त्यावर गोम ठेवली. पहिला पाय पहिल्या भोकात. चौदावा चौदाव्यात. चौदाही पाय घरी आल्यासारखे बसले.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "काशीरामा! मस्कतला अकरा वर्षं काढली मी, आणि हे मला धोब्याने शिकवायचं?"

"धोबी नाही, लॉन्ड्री," काशीराम म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

काम सोपे नव्हते. भाग आणि डाग एकाच बाजूला आल्याने डाग द्यायची सळई भागाखाली जाईना. म्हणून प्रत्येक भाग टाचा उंचावून उभा ठेवावा लागला. रिले नावाच्या चौकोनी डबीचे पाय तिच्या पोटाखाली. तिला तारांच्या छोट्या कुबड्या लावल्या. काशीराम बटणे धरायच्या चिमट्याने एकेक भाग उंच धरून राहिले. तीन तासांत हात हलला नाही. सात किलोची इस्त्री उचलणाऱ्या हाताला चिमटा म्हणजे पीस. मध्येच फिजा धावत आली, रडवेली.

"काका, मी ती कळ दाबायलाच नको होती."

"कळ तू दाबलीस, बोट माझं होतं. जा, चहा सांग."

चहाबरोबर ती आणखी एक गोष्ट घेऊन आली. खाऱ्या हवेपासून तांबे झाकायला वरून पातळ थर द्यावा लागतो आणि अयूबभाईंचे व्हार्निश संपले होते. फिजाने पर्समधून नेलपॉलिशची बाटली पुढे केली. गुलाबी. अयूबभाईंनी बाटलीकडे पाहिले, मग कार्डाकडे, आणि सुस्कारा टाकून झाकण उघडले.

पावणेआठला त्यांनी बॅटरीच्या तारा जोडल्या आणि भोंग्याला जोडलेला तरंगणारा गोळा बादलीतल्या पाण्यात सोडला. भोंगा असा किंचाळला की साडी न्यायला आलेल्या एका बाईंच्या हातून पिशवीच पडली. आठ वाजता, नेहमीप्रमाणे, फळ्या लागल्या.

सकाळी सहाला जेट्टीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा, डिझेलचा धूर, बर्फाचा खडखडाट, एकमेकांना घातलेल्या हाका. पाऊस उघडला होता. 'गंगासागर'च्या केबिनमध्ये पेटी बसवली होती, आणि गंगुबाई जेट्टीच्या कडेला, कमरेवर हात ठेवून. सुजयने वाकून तळातला गोळा हाताने उचलायला घेतला.

"हातान नको उचलू!" गंगुबाई ओरडल्या. "समुद्र काय हात घालून गोळा उचलनार हाय? पाणी वत!"

खलाशांनी बादली ओतली. काही नाही. दुसरी. तिसरी. शेजारच्या होडीवरून कोणीतरी म्हणाले, "गंगुबाय, भोंग्याला उपास हाय वाटतं!" चौथी. काशीरामांनी सदऱ्याचे टोक मुठीत धरले. त्या सदऱ्याला आयुष्यातली पहिली सुरकुती पडली असावी. सुजयने पाचवी बादली स्वतः ओतली.

भोंगा वाजला. कावळे उडाले. चार होड्यांवरची माणसे वळून बघू लागली. गंगुबाई डोळे मिटून, मान हलवत, भजन ऐकावे तसे ऐकत राहिल्या. मग एकदम, "आता बंद करा रे मेल्यांनो, कान फुटले!"

काशीरामांच्याने राहवले नाही. "काकी, एक सांगतो. कार्ड उलटं झालंय माझ्या हातून. भाग सगळे उलट्या बाजूने बसवलेत. नाव पण उलटं आहे माझं."

गंगुबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळले. "उलटं हाय? मग बरंच झालं. नजर लागायची नाय." आणि होडीकडे हात केला. "जा रे, सुटा!"

'गंगासागर' सुटली. खलाशी सहाचे सहा होते. पेटीचे झाकण लावण्याआधी अयूबभाईंनी आत बोट दाखवले होते. सगळे ठरल्यासारखे झाले असते, तर तांब्याची बाजू खाली गेली असती आणि नाव पेटीच्या तळाकडे तोंड करून राहिले असते, कोणाला कधी न दिसता. आता ते वर होते, गुलाबी नेलपॉलिशखाली, झाकण उघडले की पहिले तेच दिसणारे. उलटे, पण वर.

काशीरामांनी त्याचा फोटो काढून घेतला होता. साडेसातला दुकान उघडून, इस्त्रीत करवंटीचे निखारे भरून झाल्यावर त्यांनी तो सानवीला पाठवला. खाली लिहिले, 'हे मी केलं.' थोड्या वेळाने उत्तर आले. तिने फोटो फोनवरच आरशासारखा उलटवून परत पाठवला होता. नाव सरळ झाले होते, 'काशीराम', काना जागच्या जागी. खाली लिहिले होते, 'बाबा, वाचलं! दुकान बंद करू नका हं इतक्यात.'

काशीरामांनी ते दोनदा वाचले. मग अंगठ्याने एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केले.

'सरळ करू नको. उलटं आहे म्हणून वाजतंय.'

फोन कप्प्यात ठेवून त्यांनी इस्त्रीवर पाण्याचा थेंब सोडला. चर्र झाला. गंगुबाईंचे लुगडे शनिवारी द्यायचे होते, म्हणजे आजच करायला हवे होते.